स्पॅनिशचा मायना

"के ओपीनास तू?" मी कागदावरून वाचलं.

"पी वर जोर दे, मामा."

"दिलाय की. वेलांटी दीर्घ आहे ती उगाच नाही."

"ती मी ऱ्हस्व लिहिली होती. तू लाल पेनने दीर्घ केलीयस."

खरं होतं. भाचीने माझ्यासाठी प्रश्नांचा कागद देवनागरीत लिहून आणला होता आणि वाचायच्या आधी मी तो तपासून टाकला होता. तीस वर्षं प्रुफं वाचलेल्या माणसाच्या हाती लाल पेन आणि कुठलाही लिहिलेला कागद एकत्र पडू देऊ नये. अकारान्त शब्द, उपान्त्य इकार, म्हणून दीर्घ. गरीब, वकील, आणि त्याच सवयीत ओपीनासही, उपान्त्य अक्षर 'ना' असूनही. भाषा कुठली हे बघायला हात थांबलाच नाही. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असला आणि अक्षरावर वेगळी खूण नसली, तर जोर शेवटून दुसऱ्या उच्चारखंडावर येतो, ओ-पी-नास मधल्या 'पी'वर. म्हणजे माझी चूक बरोबर निघाली. 'के ओपीनास तू' म्हणजे 'तुला काय वाटतं?'. त्यातला 'तू' हा आपलाच तू. अर्थालाही तोच आणि कानालाही तोच.

भाची बोरिवलीहून लोकलने चर्नी रोडला उतरायची आणि चालत गिरगावात माझ्याकडे यायची, दर शनिवारी. शाळा आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाची. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत सहा विषय, त्यांतली एक 'नवी शिकलेली' भाषा, तिची स्पॅनिश. ज्यांनी आयुष्यात कधी स्पॅनिशचा शब्द ऐकलेला नाही त्यांच्यासाठी अगदी पहिल्या पायरीचा वेगळा अभ्यासक्रम असतो, त्याचं नाव लॅटिन आहे, 'अब इनिशियो'. ज्यांना थोडी येते त्यांच्यासाठी 'स्पॅनिश बी', त्यातही दोन पातळ्या. खालच्या पातळीला दीडशे तास शिकवायचं, वरच्या पातळीला दोनशे चाळीस. भाचीने वरची घेतली. आयजीसीएसईला, म्हणजे त्यांच्या दहावीला, चांगले मार्क पडले होते आणि बाई आवडत्या होत्या, एवढंच कारण. सोळाव्या वर्षी विषय असेच निवडले जातात.

वरच्या पातळीच्या तोंडी परीक्षेला कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारणारं लागतं. तिचे बाबा दौऱ्यावर, माझी बहीण बँकेत, मार्चअखेरीच्या नावाने जानेवारीपासूनच दमलेली. मी घरून काम करणारा, त्यामुळे सगळ्यांच्या लेखी रिकामा. मला स्पॅनिश येत नाही ही अडचण तिने आधीच सोडवून ठेवली होती. प्रश्न देवनागरीत, उत्तर कळण्याची गरज नाही. "तू फक्त मान हलव आणि मध्येच नवा प्रश्न टाक. बाई तसंच करतात."

परीक्षा अशी. दोन वर्षांत स्पॅनिशमधल्या दोन साहित्यकृती वाचलेल्या असतात. परीक्षेच्या दिवशी बाई त्या दोन्हींतला एकेक उतारा पुढे ठेवतात, प्रत्येकी तीनशे शब्दांच्या आत. विद्यार्थ्याने एक उचलायचा. वीस मिनिटं तयारी. शब्दकोश नाही. कागदावर फार तर दहा मुद्दे टिपायचे. मग तीन-चार मिनिटं उताऱ्यावर बोलायचं, पुढे चार-पाच मिनिटं त्यावरच प्रश्नोत्तरं, आणि शेवटी पाच-सहा मिनिटं पुस्तक सोडून इकडच्या तिकडच्या गप्पा. सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं. बाई रेकॉर्ड करतात, मार्क देतात आणि नमुन्यादाखल काही रेकॉर्डिंग बोर्डाकडे जातात, म्हणजे बाईंचा हात सैल की घट्ट ते तिथे तपासलं जातं. एकूण गुणांत या पंधरा मिनिटांचा वाटा पंचवीस टक्के.

उताऱ्याचं प्रकरण ऐकल्यावर मी म्हटलं, "अगं, हे तर आमचं संदर्भासह स्पष्टीकरण."

"ते काय असतं?"

तिला माहीत नसणार. तिच्या शाळेत मराठी होतं, म्हणजे वेळापत्रकात होतं. आठवड्याला दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की त्यातला एक गणिताच्या बाई घेऊन जायच्या. दर वर्षी एक कविता, एक 'माझा आवडता प्राणी'. २०२० साली सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा झाला, पण त्याने तास झाले तरी भाषा झाली असं तिच्या वह्या बघून मला कधी वाटलं नाही. घरी ती आमच्याशी मराठीच बोलते, पण लिहायची वेळ आली की तिचा हात आखडतो. 'माझं मराठी वीक आहे' हे वाक्य ती हसत हसत म्हणते, आणि मला ते प्रत्येक वेळी कुठेतरी लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन बहिणीकडे गेलो होतो. भाची आतल्या खोलीत स्पॅनिश क्रियापदं घोकत होती. एका हाताने पेढा घेतला, दुसऱ्या हाताची बोटं मोजत राहिली.

तर मी तिला संदर्भासह स्पष्टीकरण समजावलं. एक वाक्य द्यायचे आणि विचारायचे, कोण, कोणास, केव्हा म्हणाले? आम्ही ते गाईडमधून पाठ करायचो. पाच मार्कांचं उत्तर पाच ओळींत. त्यातला 'कोणास' हा शब्द किती मोठा आहे हे मला शाळेत कधी कळलं नाही. तो कळायला भाचीचा एक नापास झाल्यासारखा चेहरा बघावा लागला.

लेखी पेपर दीड तासाचा. तीन विषय देतात, एकावर साडेचारशे ते सहाशे शब्द लिहायचे. प्रत्येक विषयाखाली तीन लेखनप्रकार दिलेले असतात. समजा पत्र, ब्लॉग आणि भाषण. या प्रसंगाला त्यांतला कुठला शोभेल हे विद्यार्थ्याने ठरवायचं. तीस गुणांत बारा भाषेला, बारा मजकुराला आणि सहा गुण या ठरवण्याला. म्हणजे प्रकार बरोबर निवडलास का, सूर बरोबर लागला का, समोरचा कोण हे ओळखलंस का. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव आहे. पण मी ज्या अर्थी समजलो त्या अर्थी ते सहा गुण 'कोणास' याचे आहेत.

सराव परीक्षेत विषय होता, शाळेच्या उपाहारगृहातल्या प्लास्टिकबद्दल मुख्याध्यापकांना काहीतरी सुचवा. भाचीने पत्र निवडलं, तेही योग्यच. व्याकरणाच्या चुका दोन की तीन. मजकूर उत्तम. सहापैकी मात्र दोन. कारण अख्खं पत्र तिने मुख्याध्यापकांना 'तू' म्हणून लिहिलं होतं. अगदी 'अरे, तू असं का करत नाहीस' या थाटात, आणि शेवटी 'उन आब्रासो', म्हणजे एक मिठी.

"मुख्याध्यापकांना मिठी मारलीस?"

"मामा, इंग्लिशमध्ये सगळ्यांना यूच असतं ना. लिहिताना लक्षातच नाही राहिलं."

"आणि मराठीत लिहिलं असतंस तर?"

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "मराठीत मी त्यांना तू म्हटलंच नसतं. तोंडातूनच नसतं आलं."

स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद' आहे. उस्तेद हे 'बुएस्त्रा मेर्सेद'चं झिजलेलं रूप. त्याचा अर्थ साधारण 'आपली कृपा', आपल्याकडच्या 'महाराज', 'साहेब' यांच्या जातीचा. त्यामुळे त्याला क्रियापद तृतीय पुरुषी लागतं. 'साहेब येतात का?' असं साहेबांनाच विचारतो ना आपण, तसं. स्पेनमध्ये अनेकांना 'तू' म्हणायचं असेल तर वेगळा शब्द, लॅटिन अमेरिकेत तो जवळपास कोणी वापरत नाही, आणि अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'. हे सगळं मी तिच्याकडून शिकलो. बदल्यात मी तिला मायना शिकवला.

मायना हा शब्दच तिने पहिल्यांदा ऐकला. तीर्थरूपांना कृ. सा. न. वि. वि., बरोबरीच्याला स. न. वि. वि., धाकट्याला अ. उ. आ. मी कपाटातून आजोबांची पोस्टकार्डं काढली. पुण्याहून गिरगावात आलेली, काळ्या शाईची, कोपऱ्यात शेवटचं वाक्य आडवं फिरवून कोंबलेली. एकाच दिवशी, एकाच बातमीची तीन कार्डं होती: मोठ्या भावाला, व्याह्यांना आणि मुलाला. मजकूर तोच, आत्याचं लग्न ठरल्याचा. पण भावाला लिहिताना आजोबा 'आपण पुढे होऊन कार्य सिद्धीस न्यावे' म्हणतात, व्याह्यांना 'येण्याचे करावे', आणि माझ्या वडिलांना, 'शनिवारी ये. उधारीचे कापड आणू नकोस.'

भाची ती तिन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिली. मग वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात 'एस्तिमादो सेन्योर', शेवटी 'आतेन्तामेन्ते'. दुसऱ्यात 'एस्तिमादा प्रोफेसोरा', शेवटी 'उन कोर्दियाल सालुदो'. तिसऱ्यात 'केरिदा आमिगा' आणि मिठी. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर तिने मराठीत लिहिलं: कृ.सा.न., स.न., अ.उ.आ. परीक्षक मंडळींना हे कोष्टक दिसलं असतं तर काय म्हणाली असती कोण जाणे.

पुढच्या शनिवारी गाडी 'आवडण्या'वर आली. तिच्या वहीत एका ठिकाणी बाईंनी लाल रेघ मारली होती. तिने 'मला आंबे आवडतात' याचं 'यो गुस्तो' असं काहीतरी केलं होतं. 'यो' म्हणजे मी. आय लाइक मॅंगोज, त्यावर बेतलेलं. बरोबर वाक्य 'मे गुस्तान लोस मांगोस'. यातला 'मे' म्हणजे मला. आणि क्रियापद आंब्यांप्रमाणे चालतं. आंबा एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. आवडतो, आवडतात.

मी खुर्चीतून पुढे झालो. "अगं, ही तर सरळ मराठी आहे! मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. तू मध्ये इंग्रजीत कशाला जातेस?"

"कारण पुस्तक इंग्लिशमध्ये आहे, मामा."

तिचं खरं होतं. शिकवणाऱ्या बाई इंग्रजीतून शिकवतात, पुस्तक विलायतेत छापलेलं, आणि त्यात 'सावध! ही रचना तुमच्या भाषेपेक्षा वेगळी आहे' अशा चौकटी. 'तुमची भाषा' म्हणजे इंग्रजी हे गृहीतच. बोरिवलीहून निघालेला माणूस शेजारच्या दहिसरला जाण्यासाठी चर्चगेटला येऊन गाडी बदलतोय, असं ते मला दिसायला लागलं. 'माझं डोकं दुखतंय' याला स्पॅनिश लोक म्हणतात 'मे दुएले ला काबेसा'. मला दुखतं डोकं. पेला हातातून निसटला तर 'से मे कायो एल बासो', आपलं 'माझ्या हातून पेला पडला'. इंग्रजीत मात्र आय ड्रॉप्ड, म्हणजे मीच गुन्हेगार.

आणि मग तो सुब्हुन्तिवो. स्पॅनिश शिकणाऱ्या पोरांमध्ये या शब्दाची दहशत आपल्याकडच्या 'समास' आणि 'प्रयोग' यांच्याहून मोठी आहे. इच्छा, शंका, विनंती, अजून न घडलेलं काहीही असलं की क्रियापदाचं रूप बदलतं. 'तू यावंस असं मला वाटतं' याला 'किएरो के बेंगास'. भाची 'आय वॉन्ट यू टु कम' डोक्यात धरायची आणि त्या 'टु कम'पाशी अडखळायची. मी तिला 'यावंस' दाखवलं. आपल्या व्याकरणात त्याला विध्यर्थ म्हणतात. यावं, जावं, बसावं. आणि 'वेळ असता तर आलो असतो' हा संकेतार्थ, त्यालाही त्यांच्याकडे याच घराण्यातलं वेगळं रूप. सगळं एकास एक बसतं असं मी म्हणणार नाही. 'तो येईल तेव्हा सांगेन' या साध्या भविष्यालाही ते सुब्हुन्तिवो लावतात, तिथे आपला 'येईल' बिनधास्त असतो. पण निम्मी वाट तरी पायाखालची निघाली.

सगळ्यांत मजा 'ओखाला'ने आणली. हा शब्द अरबीतून आलेला, 'अल्लाची इच्छा असती तर' अशा अर्थाच्या शब्दांतून. इसवी सन ७११ ते १४९२ एवढा काळ स्पेनच्या भूमीवर कुठे ना कुठे अरबी बोलणाऱ्यांचं राज्य होतं, त्याची ही शिल्लक. 'ओखाला युएबा' म्हणजे 'पाऊस पडो'. मी म्हटलं, बघ, आपला 'ओ'. देव तुझं भलं करो. आग लागो त्या मोबाइलला. मग आम्ही दोघांनी अर्धा तास शिव्याशाप जमवले. माझी आजी या बाबतीत फार समृद्ध होती. तिचं 'मुडदा बशिवला' वगळता बहुतेक सगळं सुब्हुन्तिवोत बसलं.

प्रूफवाल्याच्या नजरेला ती भाषा आवडण्याची कारणं वेगळी आहेत. प्रश्न असेल तर वाक्याच्या आधीच एक उलटं प्रश्नचिन्ह, म्हणजे वाचणाऱ्याला आवाज कुठे चढवायचा ते आधीच कळतं. स्पेनच्या अकादमीने १७५४ मध्ये हे सुचवलं. अकादमी स्वतः १७१३ची. मराठीत लांबलचक प्रश्न वाचताना पूर्णविरामाच्या आवाजात सुरुवात करून शेवटी फजिती झालेले वक्ते मी पुष्कळ ऐकलेत. आणि त्यांच्या 'न'वरची ती नागमोडी. 'आन्यो' म्हणजे वर्ष. नागमोडी विसरलात तर 'आनो', म्हणजे गुदद्वार. 'मी सतरा वर्षांची आहे' हे वाक्य भाचीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी कधी ना कधी बिननागमोडीचं लिहिलंय. मी तिला 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' सांगितले. पण प्रामाणिकपणे, त्यांच्या चुकीची सर आपल्या चुकीला नाही.

जिभेचंही तसंच. तिच्या वर्गात 'टेंगो', 'टाको' असे इंग्रजी वळणाचे ट ऐकू येतात. स्पॅनिशचा त दातांना लागून, आपल्या ताटातला त. तोही तिच्या तोंडात जन्मापासून होता, शाळेत शिरताना बाहेर काढून ठेवलेला.

गिरगावात बसून हे सगळं फार परकं वाटतही नाही. खोताच्या वाडीत राहणाऱ्या ईस्ट इंडियन शेजारणीच्या घरी भाची एकदा माझ्याबरोबर आली. चावी, पाव. दोन्ही पोर्तुगीजांची देणगी, आणि स्पॅनिश पोर्तुगीजची सख्खी बहीण, म्हणून स्पॅनिशमध्ये यावे आणि पान. पान म्हणजे पाव. मला पानामागे पैसे मिळतात, तेव्हा शब्द ऐकून मी दचकलोच. त्याहून मोठा धक्का भाचीला १५८०चा बसला. त्या वर्षापासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या डोक्यावर होता. म्हणजे १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई आणि हे मुंबई बेट ही साठ वर्षं कागदोपत्री माद्रिदच्या राजाची रयत होतं. पुढे मुंबई इंग्रजांना आंदणात गेली, वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली. 'वसईचा किल्ला स्पॅनिश राजाचा होता' हे वाक्य तिने तोंडी परीक्षेसाठी लगेच स्पॅनिशमध्ये करून ठेवलं. मी म्हटलं, जरा सांभाळून, कारभार पोर्तुगीजांचाच होता. तर म्हणाली, "चार मिनिटांत एवढं कुठे सांगू?"

या परीक्षेतलं न पटलेलंही सांगून टाकतो. अभ्यासक्रमाचे पाच मोठे विषय ठरलेले: ओळख, अनुभव, माणसाची कल्पकता, समाजाची घडण आणि सगळ्यांची मिळून एक पृथ्वी. ऐकायला छान. पण व्यवहारात सराव-उतारे उघडले की मोबाइलचं व्यसन, प्लास्टिक, स्थलांतर, पुन्हा प्लास्टिक. प्रत्येक मुलाकडे हवामानबदलावरचं एक गुळगुळीत भाषण तयार असतं, आणि प्रश्न कुठलाही आला तरी ते तिकडे वळवायचं कसब क्लासवाले शिकवतात. आम्ही 'मी फुलपाखरू झालो तर' पाठ करायचो, ही मुलं उत्स्फूर्तपणा पाठ करतात. फरक फीचा. भाचीच्या शाळेची वर्षाची फी मी एकदा विचारली होती, पुन्हा विचारलेली नाही.

वाचन आणि श्रवण यांचा मिळून पन्नास टक्क्यांचा पेपर असतो, त्यात माझा काही उपयोग नव्हता. तो तिने एकटीने केला, लोकलमध्ये कानात बोंडं घालून, मालाड ते दादर कोलंबियाच्या बातम्या ऐकत.

न्यू जर्सीतल्या माझ्या पुतण्याने हीच भाषा त्यांच्या एपी परीक्षेत, म्हणजे तिकडे शाळेतच देतात त्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत, दिली होती. त्याच्याकडे समोर बाई नाहीत, यंत्र. रेकॉर्डिंगमधला आवाज काहीतरी बोलतो, मग वीस सेकंदांत उत्तर द्यायचं, असं पाच वेळा. शेवटी दोन मिनिटांचं भाषण, आपल्या ओळखीच्या समाजाची आणि एखाद्या स्पॅनिश भाषक समाजाची तुलना. त्याने बेसबॉल निवडला. यंत्राला तू म्हणायचं की उस्तेद, असं मी त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, काका, ते सुरुवातीला दिलेलं असतं, समोर कोण आहे समजायचं ते. भाचीला पुढे त्या देले नावाच्या परीक्षेला बसायचंय, जी स्पेनची इन्स्तितुतो सेर्वान्तेस घेते, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. तिथे पहिला-दुसरा नंबर नाही. बी-टू पातळीला वाचन-लेखनाच्या जोडीत पन्नासपैकी तीस आणि ऐकणं-बोलण्याच्या जोडीत पन्नासपैकी तीस, दोन्हीकडे मिळाले तर 'आप्तो'. नाहीतर 'नो आप्तो'. मी म्हटलं, वा, पास झालं की आप्त, नापास झालं की परके.

तोंडीच्या आधीच्या शनिवारी आम्ही पूर्ण पंधरा मिनिटांचा सराव केला. फोन टेबलावर उलटा, टायमर चालू. उताऱ्याचं बोलणं झालं. मी कागदावरचा चौथा प्रश्न वाचला, सणांचा. ती बालेन्सिया शहरातल्या 'फायास'बद्दल बोलायला लागली. मला ते आधीच माहीत होतं, कारण महिनाभर तेच चाललं होतं. मार्चमध्ये गल्लोगल्ली प्रचंड पुतळे उभे करतात, वर्षभर खपून केलेले, राजकारण्यांची टिंगल वगैरे, आणि १९ तारखेच्या रात्री सगळे जाळून टाकतात. लोकांच्या मतदानाने एखाद-दुसरं बाहुलं तेवढं वाचतं. इथपर्यंत पाठ केलेलं होतं, ते मला आवाजावरून कळत होतं. मान हलवणं एवढंच माझं काम. पण मला राहवेना. कागद बाजूला ठेवून मी मराठीत विचारलं, "मग ते वाचलेलं बाहुलं बघून त्या लोकांना वाईट नाही वाटत? आपल्याकडे एखादा गणपती विसर्जनाचा राहिला तर कसं वाटतं?"

ती थांबली. टायमर पळत होता. मग ती स्पॅनिशमध्ये बोलायला लागली, हळू, मध्ये मध्ये अडत, एकदा शब्द न सापडून हाताने पाट खाली सोडल्याची खूण करत. 'चौपाटी' मला कळलं. 'मी आबुएलो' कळलं, म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या शेवटच्या वर्षी घरचा गणपती दीड दिवसाऐवजी पाच दिवस ठेवला होता, तिला ते सांगायचं असावं, कारण तिने हाताची पाचही बोटं वर केली. त्याच हाताने पेला लागला आणि टेबलावरून खाली गेला. स्टीलचा, त्यामुळे लगेच थांबला नाही, सोफ्याखाली जाईपर्यंत वाजत राहिला. ती बोलत होती त्याच सुरात म्हणाली, "उय, से मे कायो," आणि पुढे बोलत राहिली.

रेकॉर्डिंग ऐकताना तिने मान हलवली. "इथे तीन चुका आहेत. इथे पॉज लांबला. बाईंना आवडणार नाही."

मी म्हटलं, "मला तर कळलंच नाही काही, पण इथेच ऐकावंसं वाटलं."

खरी तोंडी फेब्रुवारीत झाली. बाईंनी सणांचा विषयच काढला नाही. आहाराबद्दल विचारलं, आणि भाचीने ते प्लास्टिककडे वळवलं.

मेमध्ये लेखी संपल्यावर ती आली ती थेट माझ्या टेबलाशी. दिवाळी अंकाची पहिली कथा आली होती, पत्ररूप, एका लेखकाची, नाव नको. मी दोनदा वाचून बाजूला ठेवली होती. सरबत होईपर्यंत तिने सहज पानं चाळली, आणि मी पेले घेऊन बाहेर आलो तर बोट ठेवून बसलेली.

"मामा, हा सासऱ्यांना लिहितोय ना? वर 'आपण' म्हणतो, इथे 'तुम्ही', आणि पुढच्या पानावर परत 'आपण'. मुद्दाम आहे का?"

मी चश्मा लावला. दोनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं. असं आपल्या मनाने दुरुस्त करायचं नसतं, लेखकाला विचारावं लागतं. म्हणून मी ओळीखाली रेघ मारली आणि समासात एक प्रश्नचिन्ह काढलं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या डावीकडे एक उलटं काढून ठेवलं.

आता प्रेसवरून फोन येईल.